शब्द त्याचे, गाणं तिचं

ओरिजिनल ते ओरिजिनल, बाकी सगळी कॉपी! कव्हर व्हर्जन म्हटलं की आपल्यातले बरेच जण अशी नाकं मुरडतात. मीही त्याच पार्टीतला होतो. पण एका गाण्याने माझी विकेट काढली. 'रिस्पेक्ट'.

होय, अरेथा फ्रँकलिनचंच. गंमत म्हणजे ते मुळात तिचं नाहीच! ओटिस रेडिंग या सोल गायकाने ते लिहिलं आणि १९६५ मध्ये स्वतःच गायलं. त्याच्या गाण्यातला बुवा पैसे कमावून घरी येतो आणि बायकोकडे एकच मागतो. घरी आलो की मान द्यायचा, बस्स. थोडक्यात काय, 'मी कमावतो, तेव्हा माझं ऐका.' ओळखीचं वाटतंय ना?

१९६७च्या फेब्रुवारीत अरेथाने तेच गाणं न्यू यॉर्कमध्ये रेकॉर्ड केलं. बरेचसे शब्द तेच, पण बोलणारी आता बाई. तिच्याकडे स्वतःचे पैसे आहेत आणि ती विनवण्या करत नाही, बजावते. शीर्षकातलं एकेक अक्षर सुटं करून म्हणायची आयडिया ओटिसच्या गाण्यात नव्हतीच, ती इथे आली. मागे कोरसला तिच्या सख्ख्या बहिणी, अर्मा आणि कॅरोलिन. त्यामुळे एकटीची तक्रार राहिली नाही, अख्खा मोर्चाच झाला! जूनमध्ये गाणं अमेरिकेत नंबर वनवर गेलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याने ते उचललं, स्त्रीमुक्तीवाल्यांनीही आपलं म्हटलं. घरातल्या कुरबुरीचं थेट घोषणेत रूपांतर!

आता खरी मेख. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला नाही. म्हणजे तिथल्या एफएमवर अरेथाचं 'रिस्पेक्ट' कितीही वाजलं, तरी गायिका म्हणून तिच्या हाती काही नाही. मान मिळाला, मानधन नाही.

आपल्याकडे हल्ली दोघंही कमावतात. दोघंही रात्री नऊला थकूनभागून घरात शिरतात. मग सोफ्यावर कोण पसरतं आणि कुकर कोण लावतं?

या वीकेंडला दोन्ही व्हर्जन्स लागोपाठ ऐका. आधी ओटिस, मग अरेथा. आणि मग प्रामाणिकपणे सांगा बॉस, तुमच्या घरात कुठलं वाजतंय?