कोर्ट जवळ आले, निकाल अजून लांब आहे

सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या शेतकऱ्याने हायकोर्टात अपील लढवले आहे, त्याला सिद्धेश्वर एक्स्प्रेस कोणी समजावून सांगायला नको. रात्री सोलापूर किंवा कुर्डुवाडीला गाडीत बसायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, फोर्टमध्ये वकिलाच्या ऑफिसबाहेर उभे राहायचे, दुपारी कळायचे की आज नंबर लागत नाही, आणि रात्रीच्या गाडीने परत. ज्वारी काढणीला आली आहे की कापूस झाडावर फुटून लोंबतो आहे, हे तारखेला विचारायची सोय नसते. ज्यांना हे झेपले ते लढले. पुष्कळांनी ‘मुंबईला कोण जाणार’ म्हणत खालच्या कोर्टाचा निकाल, पटो न पटो, गिळून टाकला.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालावीत अशी ही व्यवस्था आहे. चार दशकांहून जुनी मागणी पदरात पडली. अक्कलकोट-बार्शीच्या माणसाला कोल्हापूरही काही शेजारचे गाव नाही, पण सांगोला-मंगळवेढ्याचा शेतकरी पहाटे निघून रात्री घरी येऊ शकतो. याचा आम्हाला आनंद आहे. ज्यांनी ही मागणी इतकी वर्षे लावून धरली त्यांचे आम्ही मोकळ्या मनाने अभिनंदन करतो.

पण आनंदाच्या भरात एक प्रश्न विसरून चालणार नाही. अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे खरा. तो कामाला कोणाच्या येतो?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्रे-रोखे जाळले. सरकारने चौकशी नेमली. कोर्ट हेच सावकाराचे अवजार झाले आहे, कुळाच्या गैरहजेरीत हुकूमनामे होत आहेत, असे चित्र पुढे आले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला आणि तो पुणे, नगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू केला. या कायद्याने न्यायाधीशाला कर्जाचा मूळ इतिहास तपासायला लावले. बऱ्याच दाव्यांत नेहमीच्या अपिलाची वाट बंद केली, आणि खालच्या कोर्टांची दप्तरे तपासून चूक दुरुस्त करण्यासाठी स्पेशल जज नेमला. १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती होण्याआधी महादेव गोविंद रानडे यांनी हेच काम केले. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो वर-वर अपिले करून गरिबाला दमवतो, म्हणून दुरुस्तीचे काम न्यायाधीशाने स्वतः पुढे होऊन करावे, एवढे शहाणपण त्या परक्या सरकारलाही दंगा झाल्यावर सुचले होते.

आज सावकाराच्या जागी पुष्कळदा सरकारच उभे असते. धरण, कालवा, रस्ता, महामार्ग यांसाठी जमीन जाते. भूसंपादन अधिकारी निवाडा करतो. भाव पटला नाही म्हणून शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी दाद मागतो. काही वर्षांनी वाढ मिळते आणि लगोलग सरकार किंवा संपादन करणारी संस्था हायकोर्टात अपील टाकते. बाप दावा लावतो, मुलगा निकाल ऐकतो आणि नातू अपिलाची तारीख विचारतो.

अपील कोणत्या वाटेने जाते ते बैठकीत सर्वांनी नीट समजून घ्यावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी ६ आठवड्यांत करायची असते. पैसे घेताना ‘हरकत राखून’ असे लिहूनच सही करा. नुसती सही केली तर पुढची वाट बंद होऊ शकते. प्राधिकरणाच्या निर्णयावर हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवसांची. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. असे अपील ६ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे याच कायद्यात लिहिले आहे. राष्ट्रीय महामार्गाची वाट निराळी आहे: आधी सरकारने नेमलेला लवाद, मग ३ महिन्यांच्या आत जिल्हा न्यायालय, मग हायकोर्ट. फेरफाराच्या भांडणात तहसील पातळीवरच्या निर्णयावर प्रांताकडे अपील करायला ६० दिवस असतात. जमीन-वाटणीच्या दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस.

मुदतीत एक सवलत आहे. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळवायला जे दिवस लागतात ते मोजले जात नाहीत. पण त्यासाठी नकलेचा अर्ज मुदतीच्या आत पडलेला असला पाहिजे. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, वकिलाला विचारायला आठ दिवस थांबू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वरच्या कोर्टातले न्यायमूर्ती तुमचे रान बघायला येत नाहीत, साक्षीदाराचे तोंड पाहत नाहीत. त्यांच्यापुढे असतो तो खालून आलेला कागदांचा गठ्ठा. विहीर होती, पाइपलाइन होती, बांधावर आंब्याची झाडे होती, शेजारच्या गटाची विक्री चढ्या भावाने झाली होती, हे सगळे त्या गठ्ठ्यात असेल तर आहे. नसेल तर ते मंगळवेढ्याच्या काळ्या रानात असूनही कोर्टाच्या लेखी नाही. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. दिवाणी दाव्यातल्या दुसऱ्या अपिलात तर १९७६ च्या दुरुस्तीपासून फक्त कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच सुनावणी होते. संयुक्त मोजणीच्या दिवशी आपण शेतात हजर राहिलो का, पंचनाम्यावर विहीर-झाडे लिहून घेतली का, सातबाऱ्यावर पीकपाणी बरोबर लागले का, यावरच पुष्कळदा पुढच्या अपिलाचा निकाल ठरून जातो.

तिसरी गोष्ट पैशाची. नुसते अपील दाखल झाले म्हणून खालच्या कोर्टाच्या हुकुमाला आपोआप स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते. मोबदल्याच्या प्रकरणात कोर्ट बहुधा रक्कम जमा करायला लावून स्थगिती देते. त्या जमा रकमेतला काही भाग उचलण्यासाठी शेतकरी अर्ज करू शकतो. हे माहीत नसल्यामुळे लोक वर्षानुवर्षे वाट पाहत बसतात.

आणि ज्याने दावाच केला नाही त्याचे काय? त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढ दिली, तर ३ महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून तोच लाभ मागता येतो. म्हणून गावातला एक निकाल गावाला कळलाच पाहिजे. निकाल लागल्यावर तो घरात ठेवू नका, चावडीवर वाचा.

अपिलातून काहीच निघत नाही असे आमचे म्हणणे नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी १९९७ ते २०१४ या काळात जमिनी घेताना शेतकऱ्यांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तरसेम सिंग प्रकरणात हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. तो लाभ फक्त पुढच्या प्रकरणांनाच द्यावा, अशी महामार्ग प्राधिकरणाची मागणी ४ फेब्रुवारी २०२५ रोजी फेटाळली गेली. काही शेतकरी शेवटपर्यंत टिकले, म्हणून सगळ्यांचा रस्ता मोकळा झाला. टिकणे हीच अपिलातली खरी पुंजी आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे तीच सर्वांत कमी असते.

यावर कायद्यात एक आधार आहे, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दुष्काळाने हलाखीत आलेल्या माणसालाही फुकट वकील मागता येतो. आपल्या जिल्ह्यात दुष्काळ सिद्ध करायला लांब जावे लागत नाही. नवऱ्याच्या मागे जमिनीसाठी एकटी भांडणारी बहीण गावात असेल, तर तिला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

आता मागण्या. सर्किट बेंच राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ (३) खाली, मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकारात बसते. औरंगाबादेतही १९८१ मध्ये अशीच सुरुवात झाली होती. १९८४ मध्ये ते कायम खंडपीठ झाले. कोल्हापूरचाही शेवट कायम खंडपीठातच झाला पाहिजे आणि तिथे पुरेसे न्यायमूर्ती बसले पाहिजेत. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर फोर्टातली गर्दी कोल्हापुरात आली, एवढाच फरक पडेल. दुसरी मागणी सरकारकडे: मोबदल्यात वाढ झाली की अपील, ही सवय सोडा. अपील करायचेच असेल तर का करतो आहोत हे अधिकाऱ्याने सहीनिशी लिहावे, आणि रक्कम आधी कोर्टात भरावी. तिसरी मागणी न्यायालयाकडे: जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या जुन्या अपिलांची वेगळी यादी करून ती आधी घ्यावीत.

या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. गावात कोणाचे कोणते अपील चालू आहे, ते कोणत्या साली दाखल झाले, पुढची तारीख कोणती आणि प्रकरणाचा सीएनआर क्रमांक काय, एवढे त्यात लिहावे. हा सोळा अंकाक्षरी क्रमांक हातात असला की तारीख मोबाइलवर दिसते, त्यासाठी कोणाच्या ऑफिसबाहेर उभे राहावे लागत नाही. सगळ्या गावांच्या वह्या एकत्र झाल्या की आपल्या जिल्ह्याचा किती मोबदला किती वर्षे अडकला आहे, हे आपल्यालाच पहिल्यांदा कळेल. मग ती वही घेऊन आपण सगळे मिळून कोल्हापूरला जाऊ. आता ते तेवढे लांब राहिलेले नाही.