रिपोर्ट म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे!

२०२० साली आमच्या गिरगावच्या चाळींत एक नवा कागद फार मानाचा होऊन बसला: आरटी-पीसीआरचा रिपोर्ट. बरा होऊन परतलेल्या माणसाला जिन्यातच अडवून विचारीत, “निगेटिव्हचा कागद कुठाय?” दादरच्या कितीएक सोसायट्या भांडीवाल्या बायांनाही तेच विचारीत.

मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर. पण वाचकहो, दुपटीचा पाढा मलाही येतो. ही तपासणी जिवंत विषाणू शोधीत नाही; त्याच्या आरएनएचा तुकडा शोधते. यंत्र दर फेरीला तो तुकडा सुमारे दुप्पट करते. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांत हजारावर! कितव्या फेरीला तो नजरेस आला, तो आकडा म्हणजे सीटी. १८ आला तर विषाणूचा ऐवज भरपूर, ३४ आला तर नाममात्र. तुकडा जित्याचा की मेल्याचा, हे यंत्राला उमगत नाही. पाडव्याच्या सकाळी अंगणात लवंगीचे कागद सापडले म्हणून कुणी कानांवर हात ठेवतो काय? आजार सौम्य असेल तर दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू सहसा हाती लागत नाही. तुकडे मात्र कित्येक आठवडे सापडतात. म्हणूनच ८ मे २०२० रोजी केंद्र सरकारने ठरवले की, सौम्य रुग्णाला लक्षणांपासून दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसल्यास, फेरतपासणीवाचून घरी सोडावे. सरकारने सोडले, चाळीने अडवले!

दुसरे शहाणे याच्या उलट. “माझा सीटी ३३, मला काय धाड भरलीय?” म्हणत बाजारात हिंडणारे. अहो, आजाराच्या आरंभीही आकडा मोठाच असतो, आणि मग झपाट्याने उतरतो. नाकातला नमुना नीट घेतला नाही तरीही मोठाच. २०२१च्या एप्रिलात, मर्यादा २४ वर आणावी काय, असे महाराष्ट्र शासनाने विचारले. आयसीएमआरने साफ नकार दिला आणि ३५ च ठेवली. २४ वर रेघ ओढली असती तर रोग पसरवणारे कितीतरी जण निसटले असते.

तेव्हा आकड्याबरोबर दिवस मोजा, लक्षणे पाहा, डॉक्टरला विचारा. परळचे केईएम काही विलायतेत नाही! पण कमिटीला हवा होता शिक्का. जून २०२० मध्ये सरकारने खासगी तपासणीचा कमाल दर २२०० रुपये ठरवला. घरून नमुना नेल्यास २८००. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतली, कामावाचून बसलेली बाई हे पैसे कुठून आणणार होती? कागद मागणाऱ्यांनी निदान वर्गणी तरी काढायची होती.