डिस्चार्जपूर्वीची एक लस

तुळशीचे लग्न लागले की संग्रामपूर तालुक्यात लगीनसराई सुरू होते. सोनाळा, टुनकी, पातुर्ड्याच्या नव्या सुना आपल्या दवाखान्यांपर्यंत येतात त्या मात्र पाळी चुकल्यावर. तोवर रुबेलाच्या लशीची वेळ निघून गेलेली असते. लस जिवंत विषाणूची, गर्भारपणात देता येत नाही. टीडी आपण टोचतो, कावीळ ‘ब’ तपासतो. रुबेलाचे नावही निघत नाही.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम 27 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षे वयोगटासाठी. तेव्हा पंधरा ओलांडलेल्या मुली त्यातून सुटल्या. आज आपल्याकडे बाळंत होणाऱ्यांत त्या मोठ्या संख्येने आहेत. पहिल्या 12 आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर दहापैकी नऊ गर्भांना इजा होऊ शकते: मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष. आईला मात्र थोडा ताप, थोडे पुरळ. ते कोणाच्या लक्षात राहते?

लशीआधी प्रतिकारशक्तीच्या तपासणीचा आग्रह मात्र बेताने धरावा. आयजीजीसाठी रक्त शेगाव-अकोल्याला पाठवायचे आणि अहवाल येईपर्यंत बाई पुन्हा फिरकेल, याची खात्री कोण देणार? लस घेतल्याची नोंद नसेल आणि गर्भ नसल्याची खात्री असेल, तर सरळ लस द्यावी; आधीच प्रतिकारशक्ती असली तरी जादा मात्रेने बिघडत नाही. त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

लग्नाआधी गाठणे उत्तम, पण आपल्या हाती हमखास असलेली संधी पहिल्या बाळंतपणानंतरची. बाई खाटेवर आहे, गर्भ नाही हे नक्की, आणि पाळणा लांबवण्याविषयी आपण बोलतोच आहोत. अंगावर पाजणे लशीच्या आड येत नाही. अँटी-डी किंवा रक्त दिले असले तरी लस टाळू नये. फक्त तीन महिन्यांनी प्रतिकारशक्ती तपासावी. अडचण पुरवठ्याची आहे. शासकीय लस बालकांच्या हिशेबाने येते, प्रौढ स्त्रीला बाजारातली एमएमआर विकत घ्यावी लागते. बाळंतिणींसाठी वेगळा साठा मिळावा, ही मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याकडे लेखी गेली पाहिजे. साठा येईपर्यंत खासगी प्रसूतिगृहांनी तरी डिस्चार्जआधी लस लिहून द्यावी आणि तिची तारीख आईच्याच कार्डावर नोंदवावी.