वेलिंग्टन जगभर, अडगाव कुठं?

इंग्लंडच्या सॉमरसेट भागात वेलिंग्टन नावाचं एक छोटं गाव आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं समजा. लोकरीचं कापड विणणं हा तिथला जुना धंदा. गोऱ्या शिपायांच्या पायांना गुंडाळायच्या पट्ट्या तिथल्या फॉक्स ब्रदर्सच्या गिरणीत विणल्या जायच्या. इंग्रजीतला 'पटी' हा शब्दही त्यांनी आपल्याच 'पट्टी'वरून उचललेला.

आता या गावाचे नामबंधू मोजा. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. निलगिरीत कुन्नूरजवळ वेलिंग्टन, तिथं आपल्या फौजेचं स्टाफ कॉलेज आहे. मुंबईत रीगल सिनेमासमोर वेलिंग्टन कारंजं. कोलकात्यातला वेलिंग्टन स्क्वेअर, आता राजा सुबोध मल्लिक यांच्या नावाचा. पावसाळ्यात चिखलात घालायचा गमबूट, तोही इंग्रजांच्या तोंडी वेलिंग्टनच. (सांगलीचं विलिंग्डन कॉलेज यात धरू नका. ते लॉर्ड विलिंग्डनचं, आणि त्याचं गाव वेगळं. आपल्याकडे बरेच जण घोळ करून राहिले म्हणून सांगतो.)

या सगळ्यांना नाव मिळालं ते गावावरून नाही, एका माणसावरून. आर्थर वेलस्ली. १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर त्याला सरदारकी मिळाली. तो तिकडे लढाईवर, म्हणून किताबाचं नाव त्याच्या भावानं, विल्यमनं निवडलं. कारण काय, तर ते वेलस्ली आडनावाशी जुळतं! पुढे १८१५ ला वॉटर्लू झालं, नेपोलियन हरला आणि नाव जगभर गेलं.

पण हा माणूस सेनापती म्हणून घडला कुठं? आपल्या अंगणात, भाऊ.

२३ सप्टेंबर १८०३, असई. आजच्या जालना जिल्ह्यात. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू नाही, असई म्हणाला असं सांगतात. ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर हत्तीच्या चित्रासोबत ते नाव आहे.

२९ नोव्हेंबर १८०३, अडगाव. अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. आपल्या बाजूनं दुसऱ्या रघुजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी होते. इथंही हार.

१५ डिसेंबर १८०३, गाविलगड. तटाला खिंडार पाडून इंग्रज आत शिरले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. कटकसह ओडिशा इंग्रजांकडे गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे, आणि नागपूरच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन येऊन बसला. अमरावतीला जाताना तळेगाव सोडलं की वर्धा नदीचा पूल लागतो. आपण गाडीतून अर्ध्या मिनिटात ओलांडतो ती रेघ त्या तहानं ओढलेली आहे. 'तुम्ही वऱ्हाडातले की नागपूरकडचे' या आपल्या नेहमीच्या प्रश्नामागंही तीच रेघ आहे.

आणि आपल्याला यातलं किती माहीत असतं? जुलैत अर्धं नागपूर चिखलदऱ्याला जातं. गाविलगडावर सेल्फी काढतं, मक्याचं कणीस खातं, परत येतं. बेनीसिंगचं नाव काढणारा एखादाच. अडगावचं तर विचारूच नका. इंग्रजांनी स्पेलिंग केलं 'आरगॉम', त्यामुळे नेटवर आपलं गाव शोधायचं तर त्यांच्या उच्चारानं शोधावं लागतं. शिवाय अडगावला नामबंधू भरपूर, एक तर नाशिकलाच आहे. देवगावं विदर्भात इतकी आहेत की तहाचं देवगाव अचलपूरकडचं, हे पोराला मुद्दाम सांगावं लागतं.

मेयो, मॉरिस, हिस्लॉप ही नावं बदला असं मी म्हणत नाही. मेयोचं सरकारी नाव इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ऑटोवाल्याला आपण 'मेयो' म्हणूनच सांगतो. पाटी बदलून जीभ बदलत नाही. माझं म्हणणं इतकंच की नावं पुसण्यासाठी जेवढी निवेदनं निघतात, त्यातलं एक तरी नाव लिहिण्यासाठी निघू द्या. सॉमरसेटच्या त्या गावाबाहेर टेकडीवर याच ड्यूकसाठी उभारलेला १७५ फुटांचा मनोरा आहे. आपल्याला मनोरा नको. चौक सुशोभीकरणाचे कारंजे जरा कमी करा आणि त्या पैशात तीन दगडी फलक लावा: अडगावच्या फाट्यावर, गाविलगडाच्या दरवाजाशी आणि वर्धेच्या पुलाजवळ. मराठीत, तारखेसह, आपल्या बाजूनं लढलेल्यांच्या नावांसह. हरलो तेही स्पष्ट लिहा.

अकोला आणि अमरावतीच्या जिल्हा नियोजन समितीला मी या आठवड्यात पत्र देतो आहे. पुलाचं पत्र बांधकाम खात्याला वेगळं. तेल्हारा, अचलपूर, अंजनगावकडचे कुणी हे वाचत असाल तर गावातली जुनी माणसं त्या लढाईबद्दल काय सांगतात ते खाली लिहा, पत्रासोबत जोडतो.