स्टिअरिंगच्या तेलालाही चढतो ताप!

उभ्या जीपचं स्टिअरिंग इंजिन बंद असताना फिरवायला गेलं, तर चांगलाच घाम फुटतो. इंजिन सुरू केलं की तेच चाक दोन बोटांनी फिरतं! ही करामत तेलाची. अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ साली ती मोटारीवर करून दाखवली. विकायच्या मोटारीत यायला मात्र १९५१ साल उजाडलं. हल्ली बऱ्याच छोट्या मोटारींत हे काम विजेची मोटर करते. जुन्या जीपगाड्यांत मात्र तेलच राबतं.

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप हे तेल दाबाने ढकलतो. स्टिअरिंग एका टोकाला दाबून धरलं, की तेलाला पुढे वाट उरत नाही. ते चिंचोळ्या झडपेतून जोराने घुसतं आणि झपाट्याने तापतं. तापलं की पातळ होतं, रबरी सील कडक पडतात. म्हणून परतीच्या वाटेवर एक कूलर असतो. काही गाड्यांत तर ती नुसती वळवलेली नळीच! गरम चहा बशीत ओतला की लवकर निवतो ना? तसंच हे. तेल लांब नळीतून फिरतं, वारा त्याची उष्णता पळवतो.

वारा हवा, म्हणून कूलर बहुधा रेडिएटरपुढे बसवतात. तिथे खडे, चिखल, गंज. एक बारीकसं छिद्र, आणि थेंब थेंब गळती सुरू! काहीजण वरून नुसतं तेल भरत राहतात. हा शुद्ध कंजूषपणा! भरल्या गाडीत, घाटाच्या वळणावर तेल संपलं, तर स्टिअरिंग अडकत नाही, पण एकदम जड होतं. ड्रायव्हरची काय अवस्था होईल, विचार करा.

कूलर बदलणं तसं सोपं. इंजिन गार होऊ द्यायचं, खाली ट्रे ठेवायचा, क्लिपा सोडवून जुना काढायचा, नवा बसवायचा. नळ्या फुगल्या-चिरल्या असतील तर त्याही बदलायच्या. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच भरायचं.

खरी कसोटी पुढेच. आत अडकलेली हवा काढायची! मेकॅनिककाका पुढची चाकं उचलून पक्क्या स्टँडवर ठेवतात आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात. तेलाच्या टाकीत बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा तेल भरायचं. टाकीत डोकावून “काका, अजून येतायत!” असं ओरडायचं काम तुम्ही मागून घ्या. गाडीखाली मात्र शिरायचं नाही हं! हवा राहिलीच, तर इंजिन सुरू करताच पंप गुरगुरतो, तेलाला फेस येतो. मग इंजिन बंद. फेस बसेपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा चाकं इकडून तिकडे.