रणांगणात वाचले, रुग्णालयात गेले

देशासाठी लढलेल्या सैनिकाची उतारवयातील शुश्रूषा ही राष्ट्राने त्याच्यावर केलेली कृपा नव्हे. ते राष्ट्रावरील ऋण आहे. या ऋणाच्या फेडीसाठी अमेरिकेने माजी सैनिकांच्या रुग्णालयांचे विशाल जाळे उभारले. त्यातील पिट्सबर्ग येथील रुग्णालयाच्या पाण्यातून २०११ व २०१२ या दोन वर्षांत २२ रुग्णांना न्यूमोनिया झाला आणि त्यांतील किमान पाच जण दगावले. बरे होण्यासाठी ते जेथे आले होते, तेथल्याच नळांनी त्यांचा घात केला.

‘लिजिओनेला’ हे त्या जिवाणूचे नाव. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले असता या आजाराने ३४ बळी घेतले. जानेवारी १९७७ मध्ये जिवाणू सापडला व नाव त्या सैनिकांवरूनच पडले. कोमट पाणी त्याला मानवते. ज्या नळाला कोणी हात लावत नाही, ज्या वाहिनीत पाणी साचून राहते, तेथील शेवाळी थरात तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात उतरतो. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही, म्हणून रुग्णाला वेगळे ठेवून भागत नाही. शिवाय पेनिसिलिनच्या जातीची औषधे येथे निरुपयोगी ठरतात. वृद्ध, धूम्रपान करणारा वा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण असेल, तर योग्य औषधाला लागलेला विलंब प्राणावर बेततो.

हे सारे पिट्सबर्गला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि इतरांआधी ठाऊक होते! रुग्णालयाचे पाणीच या रोगाचे उगमस्थान असू शकते, हे १९८२ मध्ये सिद्ध करणारे डॉ. व्हिक्टर यू व जॅनेट स्टाऊट हे संशोधक याच रुग्णालयातले. प्रशासनाने २००६ मध्ये त्यांची प्रयोगशाळा बंद केली आणि वर्षानुवर्षे जतन केलेले जिवाणूंचे नमुने नष्ट केले. २००८ मध्ये हा विषय अमेरिकी संसदेच्या समितीपुढेही आला. पुढे काहीच घडले नाही.

पाण्यात तांबे व चांदीचे आयन सोडणारी यंत्रणा तेथे होती. आयनांचे प्रमाणही पुरेसे आढळले, तरी जिवाणू जिवंतच! यंत्र बसवले की आपले कर्तव्य संपले, ही समजूत सर्वच देशांतील कारभाऱ्यांना प्रिय असते. महानिरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने यंत्रणेच्या देखभालीतील ढिलाई दाखवली; गरम पाण्याचे नळ नियमितपणे सोडून वाहिन्या धुण्याचे साधे कामही होत नव्हते. त्यासाठी ना प्रचंड निधी लागतो, ना परदेशी तज्ज्ञ. लागतो तो रोज नळ सोडणारा एक माणूस आणि त्याला विचारणारा दुसरा.

त्याच वर्षी त्या विभागाच्या प्रमुखांना उत्कृष्ट सेवेबद्दल सुमारे ६३ हजार डॉलरचा सरकारी पुरस्कार मिळाला. मृतांच्या कुटुंबीयांच्या संतापाची कल्पना वाचकांनी करावी. पुढे जनुकीय तपासणीत असे दिसले की, २०११ चा जिवाणू १९८२ मध्ये त्याच रुग्णालयात सापडलेल्या जिवाणूचा निकटचा वंशज होता. तीस वर्षे तो त्याच वाहिन्यांत राहिला होता.