वगळलेली पाने

मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर एक वचन हमखास दिसते. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे. देवाच्या मनात आपल्याविषयी जे आहे ते हिताचे आहे, अनिष्टाचे नाही, आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाच्या कंपासपेटीत हेच वचन असते. ते खरे आहे आणि कित्येकांना त्याने कठीण दिवसांत बळ दिले आहे. पण त्याच्या अगदी आधीचे, १०वे वचन भिंतीवर लावलेले आम्ही आजवर पाहिलेले नाही. त्यात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन, असे देव बंदिवानांना कळवतो. हे पत्र ज्यांच्या हाती पडले त्यांच्यातले मोठे लोक यरुशलेम पुन्हा पाहणारच नव्हते. परतण्याची आशा नातवंडांसाठी होती. त्यांना स्वतःला मात्र परक्या मुलखात घरे बांधायची होती, मळे लावायचे होते, मुलांची लग्ने करायची होती आणि ज्या नगरात कैदी म्हणून नेले त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करायची होती.

सोयीची शिकवण बहुधा अशीच तयार होते. तिला खोटे बोलावे लागत नाही. ती ११वे वचन उचलते आणि १०वे सोडून देते. म्हणूनच ती ओळखणे अवघड जाते. वेदीवरून जे बोलले जाते ते शब्दशः पवित्र शास्त्रातलेच असते आणि ऐकणारा समाधानाने घरी जातो. काय सांगितले एवढेच तपासून भागत नाही. काय सांगितले नाही, हेही पाहावे लागते.

या पत्राच्या मागचाच अध्याय वाचला, तर हा झगडा किती जुना आहे ते कळते. यहूदाचा राजा सिदकीया याच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, यिर्मया मानेवर लाकडी जू घालून यरुशलेमेत वावरत होता. बाबेलच्या राजाखाली मान द्या आणि जगा, हा त्याचा संदेश कोणालाच नको होता. एके दिवशी मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर, गिबोनचा हनन्या पुढे आला. त्याने सांगितले, दोन वर्षांत हे जू मोडेल, लुटून नेलेली मंदिराची पात्रे परत येतील, नेलेले लोकही परत येतील. त्यानेही बोलणे देवाच्याच नावाने सुरू केले, अगदी यिर्मयाच्याच शब्दांत. आवाजावरून, आवेशावरून किंवा भाषेवरून खरा संदेष्टा कोणता हे गर्दीला कळणे शक्य नव्हते.

यिर्मयाचे पहिले उत्तर आहे ‘आमेन’. देवाने तसेच करावे, असे तो म्हणाला. या शब्दापाशी आपण फार थांबत नाही, पण थांबायला हवे. यिर्मयाला हनन्याचे बोलणे खरे ठरायला हवे होते. आपले शहर जळावे असे त्याला कधीच वाटत नव्हते. नाशाचे भाकीत करता करता तो रडला, हे त्याचे पुस्तकच सांगते. मग त्याने एवढेच सांगितले, की शांतीचे भाकीत करणारा संदेष्टा ते घडून आल्यावरच खरा ठरतो. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले. लोकांना तो क्षण किती आवडला असेल! यिर्मया काहीही न बोलता निघून गेला. देवाचा शब्द मिळेपर्यंत त्याने वाद घातला नाही. शब्द मिळाला तो असा: लाकडाचे जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडाचे येईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरण पावला. यरुशलेम इसवी सनापूर्वी ५८७-५८६च्या सुमारास पडले. हनन्याचा दिलासा ज्यांनी धरून ठेवला, त्यांना बंदिवासाची तयारी करायला वेळच उरला नाही. सोयीच्या शिकवणीचे खरे नुकसान हेच आहे. संकट येते तेव्हा माणसाच्या हाती काहीच उरलेले नसते.

वगळण्याचे हे काम पुढे लोकांनी छापखान्यातही केले. १८०७ साली लंडनमध्ये एक शास्त्र छापले गेले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या आफ्रिकी गुलामांसाठी निवडलेले भाग, असे त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिले होते. प्रॉटेस्टंट शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय असतात. या पुस्तकात २३२ होते. इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेची कथा काढून टाकलेली. स्तोत्रसंहिता नाही, प्रकटीकरण नाही. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायातले २८वे वचन नाही. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांस पत्रातले वचन मात्र जागच्या जागी आहे. हैतीत गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र उभे केले होते आणि बेटांवरच्या मळेवाल्यांच्या मनात ती भीती ताजी होती. या पुस्तकात एकही शब्द बनावट नव्हता. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या माणसाला देवाचे खरे शब्दच दिले गेले, फक्त त्याला मुक्त करणारे शब्द सोडून.

जर्मनीत हेच सव्वाशे वर्षांनी मोठ्या प्रमाणावर घडले. नाझी राजवटीशी सूर जुळवणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाची १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात प्रचंड सभा झाली आणि जुना करारच टाकून द्यावा, अशी मागणी तिथल्या व्यासपीठावरून झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात बार्मेन येथे जमलेल्या मंडळींनी त्याला उत्तर दिले: मंडळीने ऐकायचे ते शास्त्रात साक्ष दिलेल्या येशू ख्रिस्ताचेच, दुसऱ्या कोणाचे नाही. त्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांचा. तो धाडसाचा होता, यात शंका नाही. तरी ज्या ज्यूंवर तेव्हा अत्याचार सुरू झाले होते त्यांच्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता आणि ही आपली चूक झाली, हे बार्ट यांनीच पुढे मान्य केले. १९४० पर्यंत ‘जर्मन ख्रिस्ती’ विचाराच्या आयसेनाखमधल्या एका संस्थेने ज्यू खुणा पुसून टाकलेला नवा करार छापूनही काढला. बार्मेनची ही उणीव आम्ही मुद्दाम सांगत आहोत. सत्याच्या बाजूने उभे राहिलेली माणसेही एखादे पान नकळत उलटून पुढे जातात. मग बाकीच्यांनी स्वतःला सुरक्षित का समजावे?

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. विश्वास ठेवा म्हणजे रोग जाईल, दान पेरा म्हणजे शंभरपट मिळेल, हा उपदेश आज शहरातल्या भाड्याच्या हॉलपासून खेड्यातल्या मांडवापर्यंत ऐकू येतो. देव बरे करतो, यावर आमचाही विश्वास आहे. पण ज्या आईचे मूल बरे झाले नाही तिला पुढे काय सांगितले जाते? तुझा विश्वास कमी पडला. मुलाचे दुःख असतेच, त्यावर आता अपराधाचे ओझेही येते. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावला, कारण ते देवाविषयी यथार्थ बोलले नव्हते. लोक कानांना सुखावणारे शिक्षक स्वतःसाठी जमवतील, असा इशारा पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ४थ्या अध्यायात दिला आहे. उपदेशांत त्याचा उल्लेख वारंवार होतो. त्याच अध्यायाच्या अखेरीस, २०व्या वचनात, पौल सहज कळवतो की त्रफिम आजारी असल्याने त्याला मिलेतात ठेवून यावे लागले. ज्याच्या हातून कित्येक रोगी बरे झाले त्या प्रेषिताचा सोबती आजारीच मागे राहिला आणि पौलाने त्याच्या विश्वासावर बोट ठेवले नाही. हे २०वे वचन रुग्णाच्या उशाशी बसून किती पाळकांनी वाचून दाखवले असेल? त्याने रोग जाणार नाही, पण त्या आईच्या मनावरचे खोटे ओझे नक्कीच उतरेल.

जातीचा प्रश्न याहून जवळचा आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद शतकांमागून शतके टिकले. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांतही लग्न जुळवताना पूर्वजांची जात हळूच विचारली जाते. ती विचारणारे लोक रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. अंत्युखियात पेत्राने यहूदी मंडळींच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून अंग काढून घेतले, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला. तो खाजगीत समजवत बसला नाही, कारण पंगत सोडणे म्हणजे सुवार्तेचाच सरळ मार्ग सोडणे आहे, असे त्याला दिसत होते. ही हकिकत गलतीकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात आहे आणि तिच्यापुढच्याच अध्यायात ते २८वे वचन आहे, जे १८०७च्या पुस्तकातून काढले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १८११ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला आणि त्यात गलतीकरांस पत्र होते. म्हणजे ते वचन दोनशेहून अधिक वर्षे आपल्या भाषेत आहे. आपण ते छापतो, पाठ करतो, मुलांना शब्बाथशाळेत शिकवतो आणि घरात स्थळ आले की विसरतो.

इथे एक सावधगिरी हवी. कठोर बोलणे म्हणजे सत्य बोलणे, असा समज होता कामा नये. मंडळीबाहेरच्यांची पापे मोजणारा, तरुणांच्या कपड्यांवर आणि मोबाइलवर ताशेरे ओढणारा उपदेश ऐकायला कडक वाटतो, पण समोर बसलेल्या कोणालाच तो काही मागत नाही. तोही सोयीचाच. उलट यशयाचा ४०वा अध्याय सांत्वनाने सुरू होतो आणि ते सांत्वन पूर्णपणे खरे आहे. कसोटी गोड की कडू ही नाही. बोलणाऱ्याचे स्वतःचे काही पणाला लागले आहे का आणि संपूर्ण शास्त्र त्याच्या पाठीशी आहे का, हे पाहायचे.

या बाबतीत आपल्याकडचे सर्वात मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला, प्रेम दिले, त्यांच्याशीच पुढे त्यांचे पत्रांतून वाद झाले. चर्चची शिकवण मुकाट्याने मान्य कर, असा आग्रह होता. शास्त्रात जे मला सापडत नाही ते केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून कसे मानू, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून कष्टाने सुटल्यावर पुन्हा तसल्याच जोखडात मान कशी देऊ, असा त्यांचा सवाल होता. परक्या देशात, कडेवर लहान मूल, जवळ पैसा नाही, अशा स्थितीत मान डोलावणे किती सोपे होते!

आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो अनाथ आणि विधवा स्त्रियांचा संसार सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. भाषांतरकाराला आवडते वचन निवडता येत नाही. लेवीयातल्या चर्मरोगाच्या नियमांचे अध्याय, गणनेतल्या याद्या, इतिहासातल्या वंशावळी, यिर्मयाचे रडणे, हनन्याचे मोडलेले जू, मिलेतात राहिलेला त्रफिम, सगळ्यांतून शब्दाशब्दाने जावे लागते. रमाबाई त्या वाटेने शेवटपर्यंत गेल्या. मुद्रिते तपासण्याचे काम मृत्यूच्या अगदी जवळ येईपर्यंत चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो आश्रमातल्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापला गेला.

पाळकांना आमची विनंती आहे की विषय निवडून वचने शोधण्याऐवजी वर्षातून निदान एक पुस्तक पहिल्या अध्यायापासून शेवटच्यापर्यंत, काहीही न गाळता मंडळीला शिकवावे. आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे: या आठवड्यातल्या कौटुंबिक प्रार्थनेत यिर्मयाचे २७ ते २९ हे तीन अध्याय सलग, मोठ्याने वाचा. एकूण ७१ वचने आहेत. भिंतीवरचे वचन वाटेत येईलच. ते आले की थांबू नका, पुढे वाचत राहा.